धर्मसिंगला चावलेला काटा

धर्मसिंगच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला जे काही लागलं होतं, त्याला बाभळीचा काटा म्हणायचं, हे धर्मसिंगनं स्वतःच ठरवलं होतं. सेनगावच्या डॉक्टरला त्यानं तेच सांगितलं, जीपमध्ये शेजारी बसलेल्याला तेच सांगितलं, आणि कुणी विचारलं नाही तरी तो तेच सांगत सुटला. काटा कुठल्या बांधावरचा, किती लांब, कसा मोडला, हेही तो आता सांगू लागला होता. दरवेळी काटा पेरभर वाढायचा.

खरी गोष्ट अशी होती की धर्मसिंगला त्याची बायको चावली होती.

आता बायको चावली यात एवढं लपवण्यासारखं काय, असं ज्याला वाटेल त्यानं धर्मसिंगच्या साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यातली होळी पाहिलेली नाही. तिथं ज्या घरी वर्षात मुलगा जन्माला आला, त्या घरापुढं होळीच्या दुसऱ्या दिवशी धुंड होते. अंगणात खुंटा ठोकतात, गोडधोडानं भरलेली चरवी त्याला बांधतात, आणि तांड्यातल्या बाया हातात ओल्या फोका घेऊन चरवीभोवती कडं करून उभ्या राहतात. पुरुषांनी तो मार चुकवत आत घुसायचं आणि चरवी पळवायची. मार बसतोच. पाठीवर वळ घेऊन फिरण्यात कुणाला लाज नसते, उलट चार दिवस सदरा वर करून ते एकमेकांना दाखवतात.

धर्मसिंगला मात्र आजवर एकही फोक लागलेली नव्हती. पन्नाशी ओलांडली, मिशी पांढरी झाली, तरी कड्यात कुठून शिरायचं आणि कुणाच्या काखेखालून निसटायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. त्यात या वर्षीची धुंड त्याच्याच घरची. मुलगा जगन आणि सून शिला यांना लेकरू झालेलं. आजोबा झालेल्या माणसानं खरं तर बाजेवर बसून मजा बघायची. पण धर्मसिंगच्या अंगात वारं शिरलं. तांड्याचा नाईक पेमा समोर बसलेला, सारा तांडा भोवती, आणि हा छाती काढून म्हणाला,

"नाईक, ऐकून ठेवा. जी बाई आज माझ्या अंगावर खूण उठवील, तिच्या घरचं पाणी पाऊस पडंपर्यंत मी भरीन. डोक्यावर घागर घेऊन!"

बायांनी एकच गलका केला. तांड्याची हापशी खाली नाल्याच्या काठी, वर यायचा चढ उभा, आणि उन्हाळा तोंडावर आलेला. पुरुषानं डोक्यावर घागर घेऊन तो चढ चढल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पेमा नाईकानं "बराबर, शब्द झाला," म्हणून मान डोलावली आणि डफ वाजू लागला.

धर्मसिंग आत कुठून शिरला हे कुणाला कळलंच नाही. त्यानं चरवीला हात घातला, दोरी सोडवली, आणि तेवढ्यात एका ओढणीखालून एक तोंड पुढं आलं. त्याच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर कचकन दात रुतले. चेहरा दिसला नाही, पण कोपरापर्यंत चढलेल्या बांगड्या ओळखीच्या होत्या. त्याच हातांनी थापलेली भाकर तो सकाळी खाऊन आला होता.

ओरडला असता तर तिथंच हरला असता. धर्मसिंगनं डाव्या हातानं चरवी उंच धरली, रक्ताळलेलं बोट सरळ तोंडात घातलं आणि गूळ चाखतोय असा चेहरा करून सगळ्यांसमोर गोल फिरला.

"बघा! पाठ बघा, मान बघा. कुठं हाय खूण?"

बायांनी पाठ बघितली, मान बघितली. तोंडातलं बोट बघायचं कुणाला सुचलं नाही. पेमा नाईकानं त्याला जिंकल्याचं जाहीर केलं, आणि ओढणीखाली मिराबाई गालातल्या गालात हसली.

ती तेव्हाच ओरडली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. पण मिराबाईला हातातला हुकमाचा पत्ता लगेच टाकायचा नव्हता. संसारात असे पत्ते बाईच्या हाती नेहमी पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नुसतं विचारलं, "सांगू का नाईकाला?" आणि धर्मसिंगनं मुकाट सरपण फोडून दिलं. तिसऱ्या दिवशी गोठा झाडून झाला. मग सेनगावच्या बाजारातून तिच्या आवडीची जिलेबी आली. "सांगू का" एवढे दोन शब्द म्हणायचे की जगनचा बाप कामाला लागायचा. जगनला आणि शिलाला वाटलं, नातू झाल्यापासून म्हातारा सुधारला.

मग बोट सुजलं. आधी सांधा लाल झाला, मग बोट वाकेना, मग भरताच्या वांग्यासारखं टम्म झालं आणि त्यातून पू येऊ लागला. मिराबाईचं "सांगू का" बंद झालं. ती त्या बोटाकडं बघायची आणि तोंड फिरवायची. धर्मसिंगला वाटलं, बाई रुसली. ती जिंकलेली असून आपण कबूल करत नाही म्हणून रुसली असेल. रुसू दे, त्यानं विचार केला, पाणी भरण्यापेक्षा रुसवा परवडला.

सेनगावचा डॉक्टर भला माणूस. त्यानं विचारलं, काय लागलं? ह्यानं सांगितलं, काटा. मग काट्याच्या जखमेला जी औषधं द्यायची ती त्यानं मन लावून दिली. पण दाताच्या जखमेवर काट्याचं औषध किती दिवस लावणार? सूज मनगटाकडं सरकली तेव्हा त्यानं धर्मसिंगला हिंगोलीला धाडलं.

हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्ह्याचं गाव झाली होती. दवाखाने वाढले होते, पाट्या नव्या होत्या. तिथल्या सर्जननं बोट दाबून पाहिलं, धर्मसिंगच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि सर्जन शांतपणे म्हणाला, "पू सांध्यात उतरलाय. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर बोट काढावं लागेल. थांबलात तर हातावर बेतेल." मग त्यानं पू तपासायला डॉक्टर करुणाकडं पाठवलं.

करुणाबाईची लॅब मोंढ्याजवळ, हळदीच्या गोदामावर. जिना चढतानाच नाकात हळद जायची. बाई अंगानं बारीक, डोळ्यांवर मोठा चष्मा, आणि हसू आलं की ते ओठात दाबून धरायची सवय. जंतूंचं शिक्षण घेऊन ती गावी परत आली तेव्हा तिच्या वडिलांना, भीमराजना, लोक विचारत, पोरगी डॉक्टर झाली तर इंजेक्शन का देत नाही? भीमराज सांगत, ती रोग्याला नाही, रोगाला तपासते. लोकांना ते फारसं पटत नसे.

तिनं धर्मसिंगच्या बोटातला पू कापसाच्या काडीवर घेतला आणि चपट्या काचेच्या थाळ्यांमध्ये जंतू वाढवायच्या लाल खळीवर पसरला. दोन थाळ्या उबेच्या कपाटात गेल्या. तिसरी तिनं लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत ठेवली, शेजारी एक मेणबत्ती उभी केली आणि पेटवली.

"हे काय वं बाई? पूजा घालून राहिल्या का पुवाची?"

"काही जंतू भारी नखरेल असतात, काका. मोकळ्या हवेत वाढतच नाहीत. आपण श्वास सोडतो ना, तसली कोंडलेली हवा त्यांना लागते. आता झाकण लावते. मेणबत्ती आतली हवा जाळेल आणि विझेल." तिनं झाकण फिरवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बरं, लागलं काय म्हणालात?"

"बाभळीचा काटा," धर्मसिंग म्हणाला.

आणि मेणबत्ती विझली.

धर्मसिंग काही खुळा नव्हता. हवा संपली की दिवा विझतो हे त्यालाही कळत होतं. पण मेणबत्तीनं नेमकं त्याच शब्दाला विझावं? त्यानं बरणीकडं बघितलं, आत धुराची बारीक रेघ वर जात होती. त्यानं सोबत आलेल्या मिराबाईकडं बघितलं, ती ओढणी तोंडावर ओढून भिंतीकडं बघत होती. करुणाबाईनं चष्मा पुसला आणि ओठ दाबले.

"लांब काटा होता?"

"व्हय," धर्मसिंग म्हणाला. या वेळी मात्र तो किती लांब ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटातल्या थाळ्यांत काहीच उगवलं नाही. सर्जनच्या दवाखान्यात धर्मसिंग खाटेवर पडून होता, हात उशीवर टांगल्यासारखा ठेवलेला. जगन आणि शिला लेकराला घेऊन आले. लेकरू आजीला बघून हात पुढं करत होतं, आणि मिराबाई मागं सरकत होती. तिनं त्याला घेतलं नाही, पापा तर नाहीच घेतला. डब्यातलं जेवणही तिनं वेगळ्या ताटलीत, पाठमोरी बसून खाल्लं. धर्मसिंग मनात म्हणाला, हा कसला रुसवा? माझ्यावर रुसली ते ठीक, पोरानं काय घोडं मारलं तिचं?

त्याच्यापाशी बायकोच्या रुसव्याचा विचार करायला वेळही नव्हता. सर्जन सकाळी येऊन बोट पाहून गेला होता आणि जाताना परिचारिकेशी हळू आवाजात बोलला होता. हळू आवाजात बोललेलं दवाखान्यात सगळ्यात आधी ऐकू येतं. मधलं बोट गेलं तर कासरा कसा धरायचा, डफ कसा वाजवायचा? आणि बोट गेलेला माणूस होळीत कड्यात शिरला तर बाया काय म्हणतील? एवढं होऊनही त्याला आधी बायाच आठवल्या, यावरून त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते समजावं.

त्यानंतरच्या सकाळी करुणाबाईचा निरोप आला. धर्मसिंग हात सांभाळत हळदीच्या जिन्यानं वर चढला. मिराबाई बाहेर बाकावर बसली. करुणाबाईनं बरणीतली थाळी काढून त्याच्यापुढं धरली. लाल खळीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले होते, आणि गंमत म्हणजे ते वर वाढण्याऐवजी खळीत रुतून बसले होते, चिखलात खुर उमटावेत तसे.

"वास घ्या. जवळ नको, लांबूनच."

धर्मसिंगनं नाक फुगवलं. "ही तर ग्रामपंचायत हिरीत टाकती ती पावडर!"

"टीसीएलचा वास. बरोबर. नाक चांगलं आहे तुमचं. हा जंतू उगवायला फार त्रास देतो, पण उगवला की वासावरून ओळख देतो." तिनं थाळी झाकली. "आणि काका, हा मातीत नसतो. काट्यावर तर नसतोच. हा माणसाच्या तोंडात राहतो."

धर्मसिंगनं खाली बघितलं. जमिनीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुमच्या त्या बाभळीला," करुणाबाई अगदी साध्या चेहऱ्यानं म्हणाली, "बत्तीस काटे असतात ना?"

धर्मसिंगच्या मनात एकच भीती होती, आणि ती बोटाची नव्हती. त्यानं दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला.

"बाई, ह्यो जंतू... माणसाचं नाव सांगतो का? म्हंजी कुणाच्या तोंडातला, ते?"

आता इथं दुसरी कुणी असती तर खरं सांगून मोकळी झाली असती. पण करुणाबाईलाही थोडी गंमत करायचा हक्क होता. दिवसभर थुंकी आणि पू तपासणाऱ्या बाईच्या वाट्याला अशी गिऱ्हाइकं कमी येतात. तिनं थाळी उजेडाकडं धरली, डोळे बारीक केले.

"आज तरी सांगत नाही. अजून लहान आहे. वाढू द्या."

धर्मसिंग स्टुलावर बसला. मग बाईनं थाळी खाली ठेवली आणि तिचा आवाज बदलला. "काका, आता मस्करी बाजूला. याचं नाव पक्कं करायला मला अजून दोन दिवस लागतील. तुमच्या बोटाकडं दोन दिवस नाहीत. काट्याची जखम म्हणून जी औषधं चालू आहेत, त्यातल्या एकालाही हा दाद देत नाही. दाताची असेल तर साधं, जुनं पेनिसिलिन पुरेल. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. काटा की दात?"

खिडकीखाली मोंढ्यात हळदीची पोती उतरत होती. हमाल ओरडत होते. धर्मसिंगला दिसू लागलं: तो घागर डोक्यावर घेऊन चढ चढतोय, पाणी मानेवरून ओघळतंय, दोन्ही बाजूंना बाया उभ्या आहेत आणि भावाची बायको पारुबाई भोजाई टाळ्या पिटतेय. मग त्यानं बोटाकडं बघितलं. बोट काळपट पडू लागलं होतं. त्याच बोटानं त्यानं लहानग्या जगनला धरून चालायला शिकवलं होतं, आणि नातू अजून रांगायचा होता.

"दात," तो म्हणाला. एवढा लहान शब्द बाहेर काढायला त्याला कुस्तीएवढी ताकद लागली. "बायकोचा. पर तांड्यात कळलं न्हाई पायजे, बाई."

"रोग्याचं गुपित माझ्यापाशीच राहतं," करुणाबाई म्हणाली आणि मागं वळून ट्रे पुढं ओढला. ट्रेमध्ये सुई आधीच भरून ठेवलेली होती. सर्जनशी तिचं बोलणं सकाळीच झालं होतं.

धर्मसिंगचे डोळे मोठे झाले. "म्हंजी तुमाला ठावं व्हतं!"

"दात ठाऊक होते. कुणाचे ते नव्हतं."

पण दार पुरतं लावलेलं नव्हतं. मिराबाई आत आली ती रडतच. तिला आवरावं कसं हे धर्मसिंगला कळेना, कारण ती कधी रडायची नाही, दुसऱ्यांना रडवायची.

"माझ्या तोंडात इख हाय, बाई," ती करुणाबाईला म्हणाली. "मला पयल्यापासून ठावं व्हतं. मी चावले आन् बोट सडलं. मीच सांगायला पायजे व्हतं, पर सांगू कशी? आपल्याच माणसाचा हात खाल्ला म्हणून सांगू? मी भाजी चाखत न्हाई आता. लेकराला जवळ घेत न्हाई. त्याला काय झालं तर?"

धर्मसिंगला त्या सुजलेल्या बोटाच्या कळेपेक्षा जास्त कळ आली. इतके दिवस तो ज्याला रुसवा म्हणत होता, ती भीती होती. एका घागरीच्या लाजेपायी त्यानं बायकोला नातवापासून तोडलं होतं, आणि त्याला ते दिसलंही नव्हतं. स्वतःला थोबाडीत मारून घ्यावं असं त्याला वाटलं, पण उजवा हात कामाचा नव्हता.

करुणाबाईनं मिराबाईला स्टुलावर बसवलं. "मावशी, हा तुमच्याच तोंडात नाही. माझ्या तोंडात असेल, सर्जनसाहेबांच्या असेल, त्या हमालांच्या असेल. तोंडात तो गरीब असतो, कुणाचं काही बिघडवत नाही. दाताबरोबर सांध्यात घुसला की मगच माजतो. लेकराचा पापा खुशाल घ्या. फक्त चावू नका."

मिराबाईनं नाक पुसलं. तिचा विश्वास बसला नव्हता. तेव्हा धर्मसिंगला एकदम आठवलं.

"बाई, थांबा. चावली ना, तवा म्या बोट माझ्याच तोंडात घातलं व्हतं. रगत लपवायला. बरंच येळ चोखलं."

इतके दिवस दाबलेलं हसू करुणाबाईच्या तोंडातून आता फस्सकन बाहेर पडलं. चष्मा काढून डोळे पुसावे लागले तिला. मग तिनं दोन कापसाच्या काड्या काढल्या, एक ह्याच्या हिरड्यांवरून फिरवली, एक तिच्या, आणि दोन थाळ्या बरणीत ठेवून मेणबत्ती पेटवली. या वेळी ती विझेपर्यंत धर्मसिंग एक शब्दही बोलला नाही.

पेनिसिलिननं आपलं काम केलं. सर्जननं सांधा उघडून धुतला, आणि सूज आधी मनगटावरून, मग बोटावरून उतरत गेली. थाळ्या तयार झाल्या तेव्हा करुणाबाईनं दोघांना बोलावून दाखवल्या. दोन्हीत तेच ठिपके, तसेच रुतलेले, तोच टीसीएलचा वास.

"आता बोटात गेला तो यातला कुणाचा, हे मीही सांगू शकत नाही," ती म्हणाली.

"ऐकलंस?" धर्मसिंग मिराबाईला म्हणाला. "माझाच व्हता त्यो. म्याच चोखून आत घातला. तुझा काय बी दोष न्हाई." हे त्यानं मनापासून सांगितलं. मिराबाईनं दोन्ही थाळ्यांवर आळीपाळीनं नजर टाकली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जुनी मिराबाई परत आली. ते बघून धर्मसिंगला आनंद झाला. आनंदाच्या भरात त्याच्या लक्षात आलं नाही की जुनी मिराबाई परत येणं म्हणजे नेमकं काय.

निघताना करुणाबाईनं बजावलं, "बोट वाचलं, पण सांधा अजून नाजूक आहे. तिथं पुन्हा कुणाचा दात लागता कामा नये. या वेळी नशीब होतं."

जीप तांड्यात थांबली तशी मिराबाई उतरली, शिलाच्या कडेवरून लेकरू घेतलं आणि त्याचे इतके पापे घेतले की ते रडायला लागलं. मग लेकरू परत शिलाकडं दिलं, ओढणी नीट केली, आणि सरळ पेमा नाईकाच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली.

"नाईक, धुंडीच्या दिवशी मी चावले ह्यांना. बोटाला. खूण हाय. पाणी भरायला सांगा."

बघता बघता तांडा गोळा झाला. धर्मसिंग जागच्या जागी थिजला. त्यानं तिला दोषातून सोडवलं होतं, आणि ती सुटली ती थेट त्याच्या मानगुटीवर येऊन बसली होती. पण तोही काही कच्चा नव्हता.

"नाईक, हिंगोलीच्या डाक्टरीणबाईनं सोता सांगितलं. जंतू माझ्याच तोंडातला बी असंल. मंग चावली कोण? म्याच मला चावलो!"

पेमा नाईकानं बोट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. सांध्यावर दोन्ही बाजूंनी बारीक गुलाबी व्रणांच्या रांगा होत्या. "जंतू मला दिसत न्हाई, धर्मा. खूण दिसती. खूण कुणाची, एवढंच सांग."

धर्मसिंग तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला, "माझी!"

पारुबाई भोजाई पुढं झाली होती. "म्याच चावले. ओढणीखालून."

"ती काय चावते? म्या चावले," निता म्हणाली. हापशी तिच्या घरापासून सगळ्यात लांब होती.

"गप बसा गं पोरींनो, माझे दात हायती ते," म्हणत भिकाबाई काठी टेकत पुढं आली. भिकाबाईच्या तोंडात दोनच दात उरले होते, आणि तेही एकमेकांना भेटत नव्हते. पण पाऊस पडेपर्यंतचं पाणी म्हणजे काही कमी नव्हतं, आणि मागं आणखी दोघी-तिघी पदर खोचून उभ्या होत्याच. मिराबाईचा संताप संताप झाला. ती ओरडत होती, पण एवढ्या गलक्यात तिचं कोण ऐकणार?

पेमा नाईकानं हात वर केला. तो न्यायी माणूस होता, आणि त्याचे न्याय सरळ असायचे.

"भांडू नका. बोट हितंच हाय. एकेकीनं दात लावून बघा. जिचे बसतील तिचं पाणी."

बायांनी लगेच रांग लावली. सगळ्यात पुढं भिकाबाई. तिनं ओढणीच्या टोकानं दोन्ही दात पुसले आणि हात पुढं केला. तिच्यामागं पारुबाई, तिच्यामागं निता, आणि जिला रांगेत जागा मिळाली नाही ती दुसऱ्या बाजूनं येत होती. प्रत्येकीच्या तोंडात ते टाचणीच्या टोकाएवढे ठिपके धर्मसिंगला डोळ्यांनी दिसू लागले. टीसीएलचा वाससुद्धा आला.

भिकाबाईनं बोट ओढून तोंडाशी नेलं आणि धर्मसिंगचा सगळा मर्दपणा एका किंकाळीत बाहेर पडला.

"मिरीचाच दात हाय! मिरी चावली मला! माझी बायकू चावली! बोट सोडा!"

किंकाळी नाल्यापर्यंत गेली असावी, कारण हापशीवरच्या बायासुद्धा घागरी सोडून वर आल्या. मग जे हसू फुटलं त्याला तांड्यात तोड नव्हती. पेमा नाईक ओट्यावर लोळला. जगननं तोंडात सदऱ्याची बाही कोंबली, कारण मुलानं बापाला हसायचं नसतं.

मिराबाईनं भिकाबाईच्या हातातून नवऱ्याचं बोट सोडवलं आणि आपल्या मुठीत धरलं.

"बराबर. माझ्या माणसाला मीच चावणार," ती साऱ्या बायांना म्हणाली. "तुमी तुमचे बघा."

धर्मसिंग तिथंच उभा होता. बायका हसत होत्या, पुरुष हसत होते, लेकरंसुद्धा हसत होती, आणि त्याचं काहीच तुटत नव्हतं. बोट होतं तिथंच होतं. एवढ्याशा हसण्यापायी आपण ते द्यायला निघालो होतो, हे कळून त्याला स्वतःचा राग आला, लाज वाटली, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

"उजाडायच्या आत उठा," मिराबाई म्हणाली. "हापशीवर मंग गर्दी व्हती."

तिनं तिथंच एका फडक्याची चुंबळ करून त्याच्या डोक्यावर ठेवून बघितली. जरा सैल होती. तिनं ती उतरवून पुन्हा घट्ट वळून दिली.